इंजिन खोलण्याआधी

"कंपनी फिटिंग आहे, उगाच खोलू नका," हा सल्ला मोटरसायकलच्या कुठल्याही गॅरेजात ऐकू येतो. ऐकणाऱ्याला त्यात कधी मिस्त्रीचा आळस दिसतो, कधी नुसती भीती. पण चार आसनी खासगी विमानाच्या इंजिनाच्या बाबतीत हाच सल्ला दुसऱ्या महायुद्धापासून आकडेवारीच्या कसोटीवर घासला गेला आहे आणि बऱ्याच अंशी खरा उतरला आहे. विमानाच्या मालकाने परवानाधारक मेकॅनिकला हाताशी धरून स्वतःचं इंजिन दुरुस्त करावं का, या प्रश्नाचं उत्तरही त्यातच दडलेलं आहे. ऐकायला हा प्रकार आगीशी खेळ वाटतो. माझ्या मते तो विमानाच्या हिताचा ठरू शकतो, आणि त्याचं कारण मालकाच्या हातातलं कौशल्य हे नाही. ते बहुतेकदा बेताचंच असतं. कारण आहे त्याच्याजवळची माहिती आणि त्याच्याजवळचा वेळ. पाना कोणाच्या हातात होता याला दुय्यम महत्त्व आहे. खोलण्याआधी पुरावा किती गोळा केला, आणि त्या पुराव्याने मागितलं तेवढंच खोललं का, यावर दुरुस्तीची सुरक्षितता ठरते.

हा विषय मुख्यतः अमेरिकेतला आहे. विमान कंपन्या आणि लष्कर वगळता खासगी, प्रशिक्षणाच्या, फवारणीच्या अशा कामांतली दोन लाखांच्या आसपास विमानं तिथे आहेत आणि त्यांतली बहुसंख्य पिस्टन इंजिनावर चालतात. त्यांतलं सर्वांत ओळखीचं विमान म्हणजे सेस्ना 172. 1956 पासून विकायला लागलेल्या या विमानाच्या 44,000 हून जास्त प्रती तयार झाल्या. 1968 पासून पुढे कितीतरी वर्षं त्यात लायकमिंग कंपनीचं ओ-320 हे इंजिन बसवलं जात होतं. चार सिलिंडर, दोन डावीकडे आणि दोन उजवीकडे आडवे. पाण्याचा रेडिएटर नाही, समोरून येणारा वाराच ते थंड ठेवतो. आकार 320 घनइंच, म्हणजे सव्वापाच लिटरच्या आसपास, आणि ताकद फक्त 150 ते 160 अश्वशक्ती, तीही मिनिटाला 2,700 फेऱ्यांवर. गिअरबॉक्स नाही, पंखा थेट क्रँकशाफ्टवर बसवलेला. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग आणि त्यांना ठिणगी पुरवणारे दोन स्वतंत्र मॅग्नेटो. मॅग्नेटो स्वतःच्या चुंबकावर वीज तयार करतो, त्याला बॅटरी लागत नाही; म्हणून आकाशात सगळी वीज गेली तरी इंजिन चालू राहतं. आजच्या मोटारींच्या मानाने ही रचना जुनाट आहे, यात वाद नाही. पण जुनाट असल्यामुळेच ती उघडपणे बोलते. तिच्यात बिघाड लपवणारा संगणक नाही. आवाज, थरथर, तापमान, तेलाचा रंग यांतून ती आपली तब्येत सांगत राहते, आणि ऐकणारा रोज तिच्या जवळ असेल तर बरंच काही कळतं.

मालकाने काय करावं आणि काय करू नये हे अमेरिकेच्या हवाई नियमांनी नीट आखून दिलं आहे. विमानाचा मालक स्वतः वैमानिक असेल आणि विमान भाड्याच्या प्रवासी वाहतुकीत नसेल, तर तेल बदलणं, स्पार्क प्लग काढून साफ करणं, बॅटरी किंवा टायर बदलणं, नट सैल होऊ नये म्हणून बांधलेली सेफ्टी वायर पुन्हा बांधणं अशी कामांची एक यादीच त्याला मोकळी आहे. या यादीच्या पलीकडचं काम तो मेकॅनिकच्या देखरेखीखाली करू शकतो. अट अशी की मेकॅनिकने ते काम योग्य होतंय याची खात्री पटेल इतकं स्वतः पाहिलं पाहिजे आणि विचारायला तो प्रत्यक्ष हजर असला पाहिजे. वर्षातून एकदा होणारी सक्तीची तपासणी मात्र अशी कोणाकडे सोपवता येत नाही. ती वरच्या दर्जाचा अधिकार असलेल्या मेकॅनिकलाच करावी लागते. काम संपल्यावर लॉगबुकात काय केलं, कधी पुरं झालं हे लिहायचं, आणि खाली मेकॅनिकची सही व परवाना क्रमांक. याच नियमात एक छोटं कलम आहे, जे मला सगळ्यांत बोलकं वाटतं: काम सही करणाऱ्याव्यतिरिक्त दुसऱ्या कोणी केलं असेल तर त्याचंही नाव लिहा. म्हणजे शिकाऊ किंवा मालकाचे हात कायद्याने लपवलेले नाहीत, त्यांना नोंदवहीत जागा दिली आहे. आणि विमान उडण्यायोग्य ठेवण्याची पहिली जबाबदारी तर कायदा मेकॅनिकवर टाकतच नाही, ती मालकावर किंवा चालवणाऱ्यावर टाकतो. किल्ली मेकॅनिकच्या टेबलावर ठेवली की आपण सुटलो, असं समजणारे मालक पुष्कळ आहेत. कायद्याच्या लेखी ते सुटलेले नसतात.

तसं पाहिलं तर ही भागीदारी विमानाइतकीच जुनी आहे. 1903 मध्ये राइट बंधूंना विमानाजोगं हलकं इंजिन कुठल्या मोटार कंपनीकडून मिळेना, तेव्हा त्यांच्या सायकलच्या दुकानातल्या चार्ली टेलरने सहा आठवड्यांत अॅल्युमिनियमच्या ओतीव सांगाड्याचं, साधारण 12 अश्वशक्तीचं इंजिन बनवून दिलं. मालक स्वतः सायकल दुरुस्त करणारे, मेकॅनिक त्यांच्या शेजारी उभा. पुढे विमानं मोठी झाली आणि मालक, वैमानिक, मेकॅनिक ही तीन माणसं एकमेकांपासून लांब गेली, ती गोष्ट वेगळी.

आता सरळ आक्षेप. हौशी माणसाला विमानाच्या इंजिनात हात घालू देणं धोक्याचं नाही का? मोटार बंद पडली तर रस्त्याच्या कडेला उभी राहते. विमानाला अशी कड नसते. आक्षेप खरा आहे, पण त्यात एक गृहीतक लपलेलं आहे: व्यावसायिक हाताने इंजिन उघडलं की धोका कमीच होतो. हे गृहीतक पहिल्यांदा नीट तपासलं ते एका जीवशास्त्रज्ञाने. कॉनराड वॅडिंग्टन हा मूळचा गर्भविज्ञानाचा अभ्यासक. दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये, जर्मन पाणबुड्या शोधणाऱ्या विमानांच्या संशोधन पथकात काम करत होता. त्या विमानांची दर 50 तासांच्या उड्डाणानंतर ठरलेली तपासणी व्हायची. वॅडिंग्टनच्या पथकाने बिघाडांच्या नोंदी तासांनुसार मांडल्या. अपेक्षा अशी की तपासणीनंतर बिघाड कमी असतील आणि पुढची तपासणी जवळ येईल तसे वाढत जातील. चित्र नेमकं उलटं निघालं. बिघाड सर्वांत जास्त तपासणीच्या लगेच नंतर होते आणि मग उतरत जात होते. चांगल्या चाललेल्या गोष्टी उघडून, हलवून, पुन्हा बसवून माणसं नवे दोष निर्माण करत होती. ही माणसं हौशी नव्हती, हवाई दलाचे प्रशिक्षित तंत्रज्ञ होते. त्यांना हिणवण्याचा इथे हेतू नाही. दमलेला, घाईतला, दहा विमानं एकदम सांभाळणारा कुशल माणूसही नट अर्धा आवळून पुढे जातो. म्हणून धोक्याचं मोजमाप हाताच्या पदवीवर करून भागत नाही, हात किती वेळा आणि किती खोल आत गेला यावरही करावं लागतं.

हे एका खऱ्या, नेहमीच्या दुरुस्तीवर लावून पाहू. लायकमिंगच्या इंजिनांना एक प्रसिद्ध आजार आहे, ज्याला अमेरिकेतले वैमानिक 'सकाळची मळमळ' म्हणतात. दिवसातलं पहिलं स्टार्ट केलं की इंजिन अडखळतं, जोरात थरथरतं, जणू एक सिलिंडर काम करत नाही. मिनिट-दोन मिनिटांत ते आपोआप सुरळीत होतं आणि नंतर दिवसभर तक्रार नसते. कारण बहुधा एक्झॉस्ट व्हॉल्व्हमध्ये असतं. हा व्हॉल्व्ह जळालेले तप्त वायू बाहेर सोडतो. त्याचा दांडा एका धातूच्या नळीत, ज्याला गाइड म्हणतात, वरखाली सरकत असतो. तिथलं तेल उष्णतेने करपून त्याचं कडक किटण बनतं. विमानाच्या 100 एलएल पेट्रोलमध्ये अजूनही लिटरमागे 0.56 ग्रॅमपर्यंत शिसं असतं, त्याचे क्षारही त्यात मिसळतात. किटण वाढत गेलं की गार इंजिनात दांडा गाइडमध्ये अडकतो आणि तापल्यावर सुटतो. दुर्लक्ष केलं तर एखाद्या दिवशी तो सुटतच नाही. मग त्याला ढकलणारा पुशरॉड वाकतो, तो सिलिंडर निकामी होतो, आणि हे टेक-ऑफच्या वेळी घडलं तर चारातला एक सिलिंडर गमावलेलं, खिळखिळं होईल इतकं हलणारं इंजिन घेऊन वैमानिकाला धावपट्टी शोधावी लागते.

मालक इथे उपयोगी पडतो. सकाळची ती दोन मिनिटं फक्त त्याने पाहिलेली असतात. विमान उडवून मेकॅनिककडे आणलं की दुपारी मेकॅनिकच्या समोर असतं ते तापलेलं, शहाण्यासारखं चालणारं इंजिन. त्यातून त्याला काहीही कळणार नाही. 'इंजिन रफ चालतं' एवढंच तक्रारीच्या कागदावर लिहिलेलं असेल तर बिचारा प्लग बदलेल, मॅग्नेटो काढून पाठवेल, कार्ब्युरेटर खोलेल, आणि प्रत्येक वेळी चांगल्या चाललेल्या एका भागाला हात लागेल. त्याऐवजी मालकाने रात्रभर गार झालेल्या इंजिनावर, मेकॅनिकला शेजारी उभं करून, साध्या चाचण्या केल्या तर शोध झपाट्याने आटपतो. आधी मॅग्नेटो एकेक करून बंद करायचे. एका मॅग्नेटोवर थरथर जाते आणि दुसऱ्यावर राहते असं दिसलं तर दोष ठिणगीचा. दोन्हींवर सारखीच राहिली तर ठिणगीवरचा संशय बहुतांशी मिटतो. मग कोणता सिलिंडर? प्रत्येक सिलिंडरच्या एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा मॉनिटर असेल तर पडद्यावर एक रेघ मागे पडलेली दिसते. नसेल तर थोडा वेळ चालवून इंजिन बंद करायचं आणि कोणत्या सिलिंडरची एक्झॉस्ट नळी इतरांपेक्षा गार आहे ते तपासायचं. या शोधात अजून एकही महत्त्वाचा नट सैल झालेला नाही.

यानंतर आतल्या भागाची चौकशी. दाबाच्या चाचणीत पिस्टन सर्वांत वर आणून सिलिंडरमध्ये चौरस इंचाला 80 पौंड दाबाची हवा एका बारीक छिद्रातून सोडतात आणि आत किती टिकते ते पाहतात. 72 टिकली तर 72/80. गळणारी हवा कुठून फुसफुसते हे आकड्याइतकंच महत्त्वाचं: एक्झॉस्ट पाइपात ऐकू आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरच्या बाजूला आली तर इनटेक व्हॉल्व्ह, तेल भरायच्या नळीत आली तर पिस्टनच्या रिंगा. पण या एका आकड्यावर सिलिंडर उतरवण्याचा निर्णय घेणं घातक आहे. तोच सिलिंडर आज एक आणि थोड्या उड्डाणानंतर दुसरा आकडा दाखवू शकतो. कॉन्टिनेंटल या दुसऱ्या मोठ्या इंजिन कंपनीने 2003 मध्ये या चाचणीच्या जोडीला बोरस्कोपने, म्हणजे प्लगच्या भोकातून आत सरकवायच्या बारीक कॅमेऱ्याने, व्हॉल्व्ह पाहण्याची सूचना केली. निरोगी एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या तोंडावरचे रंग वर्तुळाकार, मध्याभोवती सारखे पसरलेले असतात. एका कडेला वेगळ्या रंगाची चंद्रकोर दिसू लागली तर तिथून तप्त वायू गळत आहेत आणि कड जळू लागली आहे. बरा बोरस्कोप आता बऱ्यापैकी स्वस्त झाला आहे आणि दर तेलबदलाला फोटो काढून ठेवणं मालकाला सहज जमतं. मेकॅनिकने पाहिलेल्या एका फोटोपेक्षा मालकाने दोन वर्षांत साठवलेल्या दहा फोटोंतून जास्त कळतं, कारण बदल दिसतो.

समजा, निष्पन्न झालं की व्हॉल्व्ह जळलेला नाही, फक्त किटणात अडकतो आहे. आता लायकमिंगच्याच एका सूचनापत्रात सिलिंडर न उतरवता करायची युक्ती दिली आहे, आणि ती इतकी सुरेख आहे की थोडं थांबून सांगण्यासारखी. झाकण काढून रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारी तरफ, आणि पुशरॉड बाजूला करतात. प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी सिलिंडरमध्ये कोंबतात आणि पंखा हळू फिरवून पिस्टन वर आणतात. दोरी पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यात दाबली जाते आणि व्हॉल्व्हला खालून आधार मिळतो. मग स्प्रिंग दाबून तिला धरून ठेवणाऱ्या दोन छोट्या खिट्या काढतात. पिस्टन खाली नेऊन दोरी ओढून घेतली की व्हॉल्व्ह आत सोडता येतो. त्याच्या दांड्याचं टोक प्लगच्या भोकातून बाहेर आणून किटण साफ करतात. गाइडमधून योग्य मापाचा रीमर, त्यावर ग्रीस लावून, फिरवतात म्हणजे कचरा ग्रीसला चिकटून बाहेर येतो. शेवटी व्हॉल्व्हचा दांडा आतूनच पुन्हा गाइडमध्ये ओवायचा. या शेवटच्या पायरीला बोटांची चिकाटी लागते, आणि तासाच्या दराने पैसे घेणाऱ्या मेकॅनिकपेक्षा मालकाकडे ती स्वस्तात उपलब्ध असते, हे आपलं जाता जाता. मेकॅनिकची जागा इथे वेगळी आहे. पंखा हाताने फिरवण्याआधी मॅग्नेटो खरंच बंद आहेत का हे तो पाहतो, कारण बंद करणारी तार तुटलेली असेल तर हाताने फिरवलेला पंखाही ठिणगी पाडू शकतो आणि हात जाऊ शकतो. रीमर तो निवडतो. खिट्या नीट बसल्या का हे तो डोळ्यांनी पाहतो. हायड्रॉलिक टॅपेटमधलं तेल काढून रॉकर आणि व्हॉल्व्हमधली मोकळी जागा मोजली जाते, ती 0.028 ते 0.080 इंच, म्हणजे पाऊण ते दोन मिलिमीटरच्या आत हवी. हा आकडा तो स्वतः वाचतो. मग तो सही करतो.

याला पर्याय काय होता? सिलिंडर उतरवणं. पुष्कळ ठिकाणी तेच होतं, कारण ते परिचित आहे. पण या इंजिनात सिलिंडर धरून ठेवणाऱ्या स्टडांपैकी काही इंजिनाच्या दोन अर्ध्या सांगाड्यांनाही एकत्र आवळतात, आणि त्या दाबावरच क्रँकशाफ्टची बेअरिंग जागेवर बसलेली असतात. सिलिंडर काढलेला असताना कोणी पंखा फिरवला तर बेअरिंग सरकू शकतं आणि त्याचं तेलाचं भोक झाकलं जाऊ शकतं. परत बसवताना स्टडचे आटे कोरडे की तेल लावलेले, नटाखाली रंगाचा थर राहिला का, टॉर्क पाना शेवटचा केव्हा तपासून घेतला होता, नट कोणत्या क्रमाने आवळले, यांतली एक गोष्ट चुकली तरी नट पुरेसा आवळला जात नाही आणि काही तासांनी स्टड तुटायला लागतात. अडकणाऱ्या व्हॉल्व्हच्या इलाजात इंजिनाचा गाभा हलवणं हे वॅडिंग्टनच्या आलेखातलं टोक स्वतः ओढवून घेण्यासारखं आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कंपन्या इंजिनाचं आयुष्य ठरवून देतात. ओ-320 साठी साधारण 2,000 तास किंवा 12 वर्षं, त्यानंतर संपूर्ण ओव्हरहॉल. पुरावा पाहून उघडू म्हणणारा माणूस ही मर्यादाही ओलांडेल, मग? अमेरिकेत खासगी उड्डाणासाठी ही मर्यादा कायद्याने बंधनकारक नाही, पण कायदा सोडा, अभियांत्रिकी काय म्हणते? 1978 मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या स्टॅन्ली नोलन आणि हॉवर्ड हीप यांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी एक अहवाल लिहिला. विमानाच्या भागांच्या बिघाडाचे सहा नमुने त्यांनी दाखवले. वय वाढल्यावर बिघाड वाढतो, म्हणून ठरलेल्या वयाला बदलणं उपयोगी, असे भाग केवळ 11 टक्के निघाले. 68 टक्के भागांत बिघाडाची शक्यता नवं असतानाच सर्वांत जास्त होती, आणि मग ती स्थिरावत होती. यावर कोणी म्हणेल की जेट विमानाचे भाग वेगळे, पिस्टन इंजिन तर घासतंच. बरोबर आहे, आणि तेवढ्यापुरता हा अहवाल इथे जसाच्या तसा लावू नये. सिलिंडर, व्हॉल्व्ह, रिंगा खरोखर झिजतात. पण झिजणारे हे भाग आपली झीज आधी दाखवतात: दाबाच्या चाचणीत, बोरस्कोपमध्ये, कापून उलगडलेल्या तेलाच्या फिल्टरमध्ये अडकलेल्या चमकत्या कणांत. कण चुंबकाला चिकटले तर लोखंड, नाही तर अॅल्युमिनियम किंवा पितळ. कोणता भाग झिजतोय याचा माग त्यावरून लागतो. न सांगता मोडणारे भागही आहेतच. 2002 मध्ये लायकमिंगच्या काही सहा-सिलिंडरी टर्बो इंजिनांच्या क्रँकशाफ्ट मोडल्या आणि कंपनीला त्या परत मागवाव्या लागल्या. पण त्या जुन्या झाल्या म्हणून मोडल्या नव्हत्या, दोष धातूतच होता. तासांची मर्यादा कितीही काटेकोर पाळली तरी अशा दोषापासून वाचता येत नाही. ओव्हरहॉल म्हणजे तर इंजिनाचा प्रत्येक जोड एकाच वेळी उघडणं.

इथे मालकांच्या बाजूने लिहिणारे काही जण, विशेषतः माइक बुश यांच्यासारख्या नामांकित मेकॅनिक-लेखकाचे वाचक, जरा जास्तच पुढे जातात असं मला वाटतं. 'बिघडलं नाही तर हात लावू नका' हे सूत्र न उडणाऱ्या विमानाला लागू होत नाही. लायकमिंगमध्ये कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर असते. इंजिन आठवडेच्या आठवडे बंद राहिलं की तिच्यावरचं तेल ओघळून जातं आणि दमट हवेत ती गंजते. मग पुढच्या उड्डाणात गंजलेले पृष्ठभाग एकमेकांना खरवडतात. कित्येक खासगी विमानं वर्षातून जेमतेम 30-40 तास उडतात. अशा इंजिनाला तासांपेक्षा वर्षांची मर्यादा जास्त लागू पडते, आणि कॅमशाफ्ट नीट पाहायची तर या इंजिनात सिलिंडर काढावा लागतो, म्हणजे पुराव्यासाठीच उघडावं लागतं. मॅग्नेटोच्या आतले भागही तसेच: दर 500 तासांनी ते उघडून तपासावेत हा सल्ला पाळण्याजोगा आहे, पण ते काम मालकाचं नव्हे, बऱ्याच वेळा स्थानिक मेकॅनिकचंही नव्हे, त्यासाठी चाचणीयंत्र असलेली वेगळी कार्यशाळा लागते.

मेकॅनिकच्या बाजूने पाहिलं तर आणखी एक अडचण दिसते, आणि तिच्याबद्दल मालक सहसा बोलत नाहीत. सही त्याची असते. दोन वर्षांनी अपघात झाला, विधवेच्या वकिलाने लॉगबुक मागवलं, तर सगळ्यांत आधी त्याचं नाव वाचलं जाईल. मालकाला शिकवत काम करायला दुप्पट वेळ लागतो, आणि हँगरचं भाडं तेवढंच चालू असतं. म्हणून 'मालकाने मदत केली तर बिल कमी व्हावं' ही अपेक्षा अनेकदा चुकीची असते. कित्येक मेकॅनिक अशा कामाला सरळ नकार देतात, तो त्यांचा हक्क आहे, आणि शहाण्या मालकाने त्यावर रुसू नये. जे तयार होतात ते बहुधा आधीच अट घालतात: माझ्या गैरहजेरीत हे आणि हे आवळायचं नाही, अर्धवट सोडलेल्या नटावर रंगीत फीत बांधायची, टॉर्क केल्यावर प्रत्येक नटावर खूण करायची. अशी शिस्त एकाच माणसाच्या कामात सहसा नसते. दोघं काम करत असतील तर एकाने बसवायचं आणि दुसऱ्याने तपासायचं, ही दुहेरी नजर आपोआप मिळते. अट एवढीच की दुसऱ्याने खरंच पाहिलं पाहिजे. न पाहता केलेली सही हा या सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत मोठा धोका आहे, आणि तो मालक नवखा असो वा नसो, सारखाच आहे.

भारतात ही चर्चा अर्धीच लागू पडते. आपल्याकडे पिस्टन विमानं मुख्यतः प्रशिक्षणात आहेत. महाराष्ट्रात बारामती, धुळे, गोंदिया इथल्या धावपट्ट्यांवर विद्यार्थी ती उडवतात. दुरुस्ती नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा परवाना असलेल्या इंजिनिअरच्या हाती असते. तिथे मालक म्हणजे संस्था, आणि पैसे भरून उडणारा विद्यार्थी इंजिनाबाबत निर्णय घेण्याच्या स्थितीत नसतो. अशा विमानांना कडक, ठरावीक वेळापत्रक असणं योग्यच. अमेरिकेतही शिकवणीसाठी भाड्याने दिलेल्या विमानाला दर 100 तासांनी तपासणी सक्तीची आहे. पण पुरावा साठवण्याचा भाग इथेही तितकाच खरा आहे. उलट एका प्रशिक्षण संस्थेकडे सारख्या इंजिनांचा ताफा असतो, तीच हवा, तेच पेट्रोल, आणि त्यामुळे एका इंजिनाचा वेगळा आकडा लगेच उठून दिसू शकतो. सकाळी विमान पहिल्यांदा चालू करणाऱ्या विद्यार्थ्याला 'थरथरलं का, किती वेळ' हे लिहायला लावणं फुकटात होतं.

अशा ताफ्याने काय साधता येतं याचं ताजं उदाहरण अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा विद्यापीठाचं आहे. वैमानिक घडवणाऱ्या या विद्यापीठाने 2023 च्या उन्हाळ्यात आपल्या विमानांना शिसं नसलेलं 94 ऑक्टेनचं पेट्रोल द्यायला सुरुवात केली. प्रदूषण टाळायचा हेतू होता, आणि व्हॉल्व्हवर किटण कमी साचेल ही आशाही रास्त होती. त्यांचे मेकॅनिक मात्र लायकमिंग इंजिनांच्या व्हॉल्व्हची मोकळी जागा मोजत राहिले, तीच पाऊण ते दोन मिलिमीटरमधली. ती कमी होत चालली होती. याचा अर्थ एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत खोल जात होता. शिशाचा जो पातळ थर एरवी त्या बैठकीला सांभाळतो, तो नव्हता. इंजिनं सुरळीत चालत होती, वैमानिकांची तक्रार नव्हती. ऑक्टोबरात विद्यापीठाने ते पेट्रोल थांबवलं आणि विमानं पुन्हा 100 एलएलवर आणली. शिसं विमानांच्या पेट्रोलमधून जायचंच आहे, अमेरिकेने त्यासाठी 2030 ची अखेर हे लक्ष्य ठेवलं आहे. कोणतं नवं पेट्रोल कोणत्या इंजिनाला मानवतं हे ठरवताना अशीच मापं बघावी लागतील, आणि त्यांतली बरीचशी खासगी हँगरांमध्ये, मोकळी जागा मोजणारा फीलर गेज हातात धरलेल्या मालकांनी आणि शेजारी उभ्या मेकॅनिकांनी घेतलेली असतील.